रुमालाखालचा सौदा

आमच्या घरी आलेला पाहुणा आधी शिंकायचा आणि मग रामराम घालायचा. निपाणीच्या पेठेत पुढं तंबाखूची वखार, मागं आमचं घर, मध्ये फरसबंदी चौक. वखारीत बायका तंबाखू चाळायला बसल्या की तिची भुकटी चौक ओलांडून स्वयंपाकघरापर्यंत यायची. पाहुणे डोळे पुसत बसायचे आणि आम्हाला कळायचंच नाही की ह्यांना झालंय काय. आई बेळगावची, वकिलांच्या आळीत वाढलेली. लग्नानंतर ती वर्षभर शिंकत होती म्हणे. मग तीही आमच्यातली झाली.

आप्पा, म्हणजे माझे आजोबा, सदलग्याकडच्या एका खेड्यातून डोक्यावर गाठोडं घेऊन बाजार करायचे. सुटी तंबाखू, चुन्याच्या डब्या, असलंच काहीबाही. नवं शतक लागलं त्या सुमाराला त्यांनी पेठेत एक गाळा धरला आणि अडत सुरू केली. शेतकऱ्यानं आपला माल अडत्याकडे आणायचा, व्यापाऱ्यानं तो अडत्याकडे येऊन बघायचा आणि अडत्यानं दोघांचं जमवून द्यायचं, असा हा धंदा. आप्पांना अक्षरओळख नव्हती. पण तंबाखूचं पान बोटांत चुरगाळून ते कुठल्या शिवारातलं ते सांगायचे, आणि मुख्य म्हणजे त्यांच्यावर माणसं विश्वास ठेवायची. पुढं माझे वडील, अण्णा, हाताशी आले आणि गाळ्याची वखार झाली. एका वखारीच्या दोन झाल्या. अण्णांनी माल थेट गुजरातेत आणि कोकणात धाडायला सुरुवात केली. लोक म्हणायचे, बापानं माणसं जोडली, पोरानं धंदा जोडला. अण्णांना हे मुळीच आवडत नसे. त्यांना तसं काहीच आवडत नसे, निदान तोंडावरून तरी.

आप्पांचं खेड्यातल्या शाळकरी पोरांसाठीचं बोर्डिंगही न ठरवताच सुरू झालं. माल विकला जाईपर्यंत शेतकऱ्यांना चार-आठ दिवस पेठेत थांबावं लागे. ते आमच्याच ओसरीवर झोपत. त्यांतल्या एकानं एकदा पोरगा बरोबर आणला होता. जाताना म्हणाला, "आप्पा, ह्याला हितंच ऱ्हाऊ दे, साळंत घाला." आप्पांनी ठेवून घेतला. पुढच्या हंगामात आणखी तिघं बाप पोरं घेऊन हजर. वखारीच्या माडीवर चटया पडल्या, कंदील टांगला गेला. तंबाखू घेऊन येणारा प्रत्येक शेतकरी गाडीत पायलीभर जोंधळे जास्तीचे टाकून आणू लागला. आप्पा कुणाला जात विचारत नसत. ते काम आमची आत्या करायची.

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली. बोर्डिंगच्या चुलीवर तिचं राज्य होतं. पोराला आधी जात विचारायची, मग नाक मुरडायची, आणि मग त्याच्या ताटात दोन भाकऱ्या जास्त वाढायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं. मी तिच्यावर गेले आहे असं आई म्हणायची, आणि त्यात कौतुक नसायचं.

आता बोटांचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या बाजारात त्या काळी भाव तोंडानं बोलत नसत. अडत्या आणि व्यापारी समोरासमोर बसायचे, दोघांच्या हातांवर रुमाल किंवा उपरणं टाकलेलं असायचं. त्याच्या आत एकानं दुसऱ्याची बोटं धरायची. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, अख्खा पंजा म्हणजे पाच. वर तोंडानं पावसाच्या, बैलांच्या, पोरीबाळींच्या लग्नाच्या गप्पा चाललेल्या असत आणि खाली सौदा. शेतकरी कानडी बोलणारा, व्यापारी गुजराती, आम्ही मराठी. बोटांना भाषा लागत नाही. हात रुमालाबाहेर आले की सौदा पक्का. काय ठरलं ते दोघांनाच ठाऊक, तिसऱ्यानं विचारायचं नाही. माल पोचला, पैसे चुकते झाले की पुन्हा हातात हात देऊन सौदा पुरा झाला म्हणायचं. आणि एकदा ठरलेला सौदा मोडला, तर त्या माणसाच्या रुमालाखाली पुन्हा कुणी हात घालत नसे.

तंबाखूच्या घरातल्या माणसांना ह्याची इतकी सवय झाली होती की आप्पा आणि अण्णा घरातले वादसुद्धा असेच मिटवायचे. दोघेही हट्टी. पण गड्यामाणसांसमोर, सुनेसमोर बापलेकांनी आवाज चढवायचा नाही असा त्यांचा दंडक. मग यंदा बोर्डिंगात किती पोरं घ्यायची, वखारीला किती खण वाढवायचे, सगळं उपरण्याखाली. आम्ही लांबून बघायचो. उपरणं कुठं उचललं जातं, कुठं दबतं, त्यावरून घरातल्या बायका आकडा सांगायच्या. आत्या तर पैज लावायची. ती कधी चुकली नाही असं तीच सांगायची.

मी मराठी शाळेची शेवटची परीक्षा पास झाले तो उन्हाळा. निपाणीत मुलींना पुढं काही नव्हतं. बेळगावला मामाकडे राहून इंग्रजी शाळेत जायचं असं मी मनात ठरवून टाकलं होतं. आईनं मामाला विचारूनही ठेवलं होतं. आणि अण्णांनी सदलग्याचं एक स्थळ जवळजवळ पक्कं करत आणलं होतं. मला ते आत्याकडून कळलं, भाकऱ्या थापता थापता.

बोर्डिंगात तेव्हा वीस-पंचवीस पोरं असतील. त्यांच्या भाकऱ्या थापायला मी आणि आत्या रोज बसायचो. आत्या म्हणाली, "मळा हाय, इहीर हाय, सासू न्हाय. नशीब काढलंस पोरी." मी पीठ तसंच काठवटीत सोडलं आणि उठले.

"कुठं निघालीस गं?"

"मी नाही थापत. गावोगावची पोरं आणून शिकवताय. त्यांना मी भाकऱ्या करून घालायच्या आणि मलाच घालवून द्यायचं? त्यांना म्हणावं, तुम्हीच थापा."

आत्यानं पिठाच्या हातानं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. परकर-पोलक्यावर पांढरा पंजा उमटला, तो मी दिवसभर मुद्दाम पुसला नाही. मी माडीच्या जिन्यावर जाऊन बसले ते हललेच नाही. पोरांची जेवणं खोळंबली. शाळेतून उपाशी आलेली पोरं चौकात उभी राहून माझ्याकडे बघत होती, मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांचा काही दोष नव्हता, पण मला त्या क्षणी ती सगळी दुष्ट वाटत होती.

आप्पांनी चौकशी केली की जेवणं का थांबलीत. आत्यानं सगळं सांगितलं, वर मीठमसाला लावून.  आप्पांनी आधी पोरांना जेवू घातलं. मग दुपारी सोप्यात अण्णांना हाक मारली, "बस रं जरा," आणि खांद्यावरचं उपरणं काढलं.

मी जिन्यावरून बघत होते. आई दाराआड होती, आत्या तांदूळ निवडत समोरच बसली होती. आप्पा तोवर खूप थकले होते. दोघांचे हात उपरण्याखाली गेले. अण्णा म्हणाले की यंदा दहिवर लई पडलं. आप्पा म्हणाले, व्हय, पानावर डाग हाईत. मग बैलांचं निघालं, मग मोटारलॉरीचं. एका सर्व्हिस मोटारीचं चाक कोगनोळीजवळ कसं निखळलं ते अण्णांनी सांगितलं. मला त्या चाकाचा इतका राग आला! माझं काय होणार ते तिथं त्या कापडाखाली ठरत होतं आणि ही दोघं चाकावर बोलत होती.  उपरणं हललं, मग पुन्हा हललं. मग अण्णांनी हात बाहेर काढला, डोक्यावर टोपी ठीक केली आणि वखारीत निघून गेले.

आप्पांनी मला खाली बोलावलं. "जा बेळगावला," एवढंच म्हणाले. मी त्यांच्या गळ्यात पडले.

"पर किती वर्सं?" आत्या विचारायचं नाही ते विचारायला लागली. आप्पा हसले आणि उपरणं खांद्यावर टाकून आत गेले.

"म्या बघितलं की," आत्या आईला म्हणाली, "अख्खा पंजा हालला. सारखा हालत हुता. पाच वर्सं! पोरगी म्हातारी हुईल तवर."

आत्याच्या तोंडून आलं म्हणजे ते खरंच असणार. ती माझ्या शिकण्याच्या विरुद्ध होती, ती कशाला वाढवून सांगेल? आईनं मामाला पाच वर्षांचं सांगून टाकलं. मी पाच वर्षांची स्वप्नं बघायला लागले. पाच वर्षांत मॅट्रिक होत होतं.

बेळगावात मला पहिले काही महिने फार जड गेले. मामाच्या घरी माझ्या बोलण्याला हसायचे. मी आमच्याकडच्या बायकांसारखं "गेलतो" म्हटलं की मामेबहिणी एकमेकींना चिमटे काढायच्या. शाळेत इंग्रजीच्या बाईंनी मला पहिल्या बाकावर बसवलं, कारण मागून मला काही ऐकू येत नाही असा त्यांचा समज होता. मला ऐकू यायचं, कळायचं नाही. पण दिवाळीनंतर गाडं रुळावर आलं, आणि मग मी मागं वळून बघितलं नाही.

ते वर्ष संपायच्या आतच आप्पा गेले. वखारीत बसल्या जागी, पान हातात असताना. मला निरोप पोचून मी निपाणीला येईपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यांच्या तेराव्याला चारी दिशांचे शेतकरी आले, कागलकडचे, चिकोडीकडचे. बोर्डिंगातून शिकून बाहेर पडलेले तर कितीतरी. कुणी तलाठी, कुणी मास्तर, कुणी पोस्टात. मी सगळ्यांना पाणी देत फिरत होते आणि मनात एकच भीती होती. आप्पा होते म्हणून मला सोडलं होतं. आता कुणाच्या जिवावर?

भीती खोटी नव्हती. तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी आत्यानं विषय काढला. सदलग्याची माणसं अजून थांबलेली होती. भाऊबंदांतली दोन-तीन वडीलधारी माणसंही बसली होती. वर्षाच्या आत कार्य झालं तर बरं, न्हायतर तीन वर्सं थांबायला लागंल, असं त्यांचं म्हणणं. सगळे अण्णांकडे बघत होते. मी दाराशी उभी. अण्णांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"आप्पांचा आणि माझा सौदा झालाय," ते म्हणाले. "त्यो पुरा झाला न्हाय अजून."

"आप्पाच न्हाईत आता," कुणीतरी म्हणालं.

"म्हणून मोडू? उद्या बाजारात माझ्या रुमालाखाली हात घालंल का कोण?"

 बसलेले सगळे तंबाखूचेच लोक. त्यांनी माना हलवल्या आणि चहा घेतला. आत्यासुद्धा म्हणाली, "पाचाचा सौदा हाय बाबा, काय करनार."

असं ते दर उन्हाळ्यात व्हायचं. स्थळ यायचं, अण्णा तेच एक वाक्य बोलायचे आणि स्थळ जायचं. मी सुट्टीवर आले की ते अभ्यासाचं विचारत नसत. मी पहिली आले तेव्हाही "बरं" म्हणाले आणि वखारीत गेले. मी मनातल्या मनात आप्पांना नमस्कार करायची. मरून गेले तरी त्यांनी धरलेली बोटं सुटली नाहीत, असं मला वाटायचं. अण्णा म्हणजे नाइलाजानं बांधलेला माणूस. चांगली गोष्ट करतायत, पण शब्दात अडकलेत म्हणून. मी मैत्रिणींना तसंच सांगायची.

मग युरोपात दुसरी मोठी लढाई सुरू झाली. तंबाखूला न भूतो असा उठाव आला. तिसरी वखार झाली, आणि त्याच वर्षी अण्णांनी बोर्डिंगला दगडी इमारत बांधली. वर कौलं, पुढं व्हरांडा, मागं विहीर. गावातली मंडळी म्हणाली की दारावर आप्पांच्या नावाची पाटी बसवा. अण्णा म्हणाले, "आप्पास्नी वाचाय येत नव्हतं. पाटी कुणासाठी?" पाटी बसलीच नाही. लोक आपलं "तंबाखूवाल्यांचं बोर्डिंग" म्हणत राहिले.

मी मॅट्रिक झाले, शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलं. लग्नही झालं, निपाणीतल्याच एका मास्तरांशी. त्यात सांगण्यासारखं विशेष नाही, आमचं बरं चाललं. मुलींच्या शाळेत मी शिकवायला लागले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. वर्गात सगळ्या पेठेतल्या मुली. खेड्यातली एकही नाही. असणार कुठून? राहायला जागा कुठं होती?

मी अण्णांकडे गेले आणि जुन्या वखारीची माडी मुलींच्या बोर्डिंगसाठी मागितली. तिथं आता नुसती रिकामी पोती पडली होती. मी घरून मुद्दे पाठ करून गेले होते. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाकऱ्या कोण थापणार?"

"पोरं थापतील," मी म्हटलं. "आळीपाळीनं."

अण्णा हसले. मी त्यांना मोठ्यानं हसताना क्वचितच पाहिलं होतं. त्यांनी माडी दिली, चुना मारून दिला, खिडक्यांना गज बसवून दिले. आणि बोर्डिंगातल्या पोरांनी खरोखरच भाकऱ्या थापल्या. पहिले काही दिवस त्या नकाशासारख्या व्हायच्या. आत्या आता थकली होती, ती खाटेवर बसून पोरांना शिव्या देत शिकवायची.

पण मुली येईनात. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. गावागावांत प्रभातफेऱ्या निघत होत्या, सभांतून मुलींच्या शिक्षणावर भाषणं होत होती, टाळ्या पडत होत्या. मी सुट्टीच्या दिवशी बैलगाडीनं खेडी फिरले. कोगनोळीला गेले, सदलग्याला गेले. लोक चहा द्यायचे, "बाई, तुमचं खरं हाय" म्हणायचे आणि पोरीला गुरं घेऊन रानात धाडायचे. जून उजाडला, शाळा उघडली. माडीवर चटया अंथरलेल्या आणि माणूस एक नाही. तीन पिढ्यांत पहिल्यांदाच ह्या घरानं जेवण रांधलं होतं आणि जेवणारं कुणी आलं नव्हतं. मला रात्र रात्र झोप लागत नसे. हे साल असंच गेलं असतं तर पुढच्या साली मला कुणी विचारलंही नसतं, आणि माडीवर पुन्हा पोती चढली असती.

मग एका सकाळी कोगनोळीचा एक शेतकरी पोरीला घेऊन आला. अण्णांचं जुनं गिऱ्हाईक. पोरगी बारा-तेरा वर्षांची, हातात कापडाचं बोचकं, पायाला चिखल. अण्णा ओसरीवर बसले होते, आत्या खाटेवर. मी आनंदानं पुढं झाले.

"वरीसभर ठेवतो," शेतकरी म्हणाला. "फुडच्या वैशाखात हिचं लगीन हाय. ठरलंया. तवर शिकू दे काय शिकती ते."

माझं डोकंच फिरलं. इतके महिने वाट बघून एक पोरगी आली, आणि तीही वर्षाची पाहुणी. "एका वर्षात काय होतं?" मी म्हणाले. "अक्षर वळणावर यायच्या आत तुम्ही तिला बोहल्यावर उभी करणार. निदान पाच वर्षं ठेवा, नाहीतर कशाला हा खेळ?" शाळेतला आवाज लागला असणार माझा. शेतकऱ्याचा चेहरा उतरला. त्यानं पोरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो जायला वळला. पोरगी वळली नाही. ती माझ्याकडेच बघत होती.

"थांब रं," अण्णा म्हणाले. "एक तर एक. ठेव तिला."

"बाई न्हाय म्हनत्यात की."

"बाईला काय कळतंय. बाईचाबी सौदा एकाच वर्साचा झालता."

मला आधी वाटलं, अण्णा त्याला थांबवायला काहीतरी रचून सांगतायत. पण ते माझ्याकडे बघत नव्हते, आणि रचून बोलायची त्यांना सवय नव्हती. आत्या खाटेवर ताठ बसली.

"एक? पंजा हालला की रं! म्या माझ्या डोळ्यानं बघितलं."

"पंजा कुठला, आक्का," अण्णा म्हणाले. "आप्पांचा हात थरथरत हुता. एकच बोट धरलं हुतं त्यांनी. त्यास्नी ठाऊक हुतं, दुसरं मागितलं असतं तर म्या हात काढून घेतला असता."

 मी हिशेब करत नव्हते. मला फक्त ते दर उन्हाळ्यातले अण्णा दिसत होते, पाहुण्यांसमोर तेच एक वाक्य बोलून गप्प बसणारे. एकदाही त्यांनी पाच म्हटलं नव्हतं. पाच आम्ही म्हणत होतो.

शेतकरी सौद्यातला माणूस, त्याला राहवलं नाही. "मग वरीस झाल्यावर बाईस्नी माघारी का आनलं न्हाईसा, अण्णा?"

अण्णांनी डोक्यावरची टोपी ठीक केली.

"वरीस भरायच्या आत आप्पा गेलते," ते म्हणाले. "सौदा पुरा झाला म्हणून सांगायला समोर हात लागतो. कुणाच्या हातात सांगू?"

मला भर सकाळी, त्या परक्या माणसासमोर, हुंदका आला आणि तो आवरला नाही. पोरगी घाबरली. मी तसाच पदर तोंडाला लावून तिच्या हातातलं बोचकं घेतलं आणि तिला माडीवर घेऊन गेले.